उतारवयांतील दमा आणि खळ्यावरील धूळ

नांदेड व लातूर जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी जोरांत चालू असते. त्याच दिवसांत पुष्कळ घरांतून वडील माणसें रात्रीं आडवीं न होतां भिंतीस टेकून बसलेलीं दिसतात. छातींत घरघर, पहाटे खोकल्याची उबळ, आणि चार पावलें टाकतांच लागणारी धाप! “वय झालें, आतां असें व्हावयाचेंच,” असें म्हणून हें दुखणें अंगावर काढण्याची आपल्याकडे चाल आहे. ही चाल घातक आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. धाप लागणें हें वार्धक्याचें लक्षण नव्हे, रोगाचें आहे. आणि तो रोग दमा असेल, तर तो समूळ जात नसला तरी आटोक्यांत खात्रीनें ठेवतां येतो.

दम्यांत श्वासनलिकांच्या आंतील अस्तरास सूज असते. धूळ, धूर, परागकण, गार वारा किंवा साधें पडसें एवढ्यानेंही त्या नलिकांचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो, आणि वाट अरुंद होते. आंत घेतलेली हवा बाहेर टाकतांना अडते; तीच ती शिटीसारखी घरघर. उतारवयांत यांत आणखी भर पडते. फुप्फुसांचा लवचिकपणा कमी होतो, छातीचा पिंजरा ताठर बनतो, आणि धाप वाढत चालली आहे हें वृद्धांस तरुणांइतकें लवकर जाणवतही नाहीं. त्यामुळें दुखणें पुरतें बळावल्यावरच दवाखान्याची आठवण होते.

दुसरी अडचण निदानाची. हृदय दुर्बळ झालें असतांही धाप लागते. विडीच्या किंवा चुलीच्या धुरांत आयुष्य गेलेल्यांस श्वसनाचा जो जुनाट विकार होतो, त्यांतही धाप लागते. तिन्हींचे उपचार निरनिराळे आहेत. म्हणून यंत्रांत जोरानें फुंकून श्वास मोजण्याची परीक्षा, जिला स्पायरोमेट्री म्हणतात, ती एकदां तरी करून घ्यावी. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तेथें तज्ज्ञांचा सल्ला घेतां येतो.

आतां शेतकऱ्याच्या विशेष प्रश्नाकडे वळूं. लातूरची बाजारपेठ सोयाबीन व तूर यांसाठीं प्रसिद्ध आहे. या सोयाबीनची धूळ काय करूं शकते, याचें उदाहरण स्पेन देशांतील बार्सिलोना शहरानें जगापुढें ठेविलें आहे. तेथें १९८१ ते १९८७ या काळांत दम्याच्या २६ सांथी आल्या. एकाएकी एकाच दिवशीं अनेक माणसें गुदमरत रुग्णालयांत येत, आणि कांहीं दगावतही. शोधाअंतीं असें आढळलें कीं, बंदरावर जहाजांतून सोयाबीन उतरविलें जाई, त्याच दिवशीं ही सांथ येई. दाण्याच्या टरफलाची बारीक धूळ वाऱ्याबरोबर शहरावर पसरत होती. कोठारावर धूळ अडविणाऱ्या गाळण्या बसवितांच सांथी थांबल्या. बंदरावरून उडालेली धूळ शहरांतील लोकांस इतकी बाधते, तर मळणीयंत्राच्या तोंडाशीं उभ्या असलेल्या दमेकऱ्याची अवस्था काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

सोयाबीनच एकटें दोषी नाहीं. हळदीला झिलई देतांना उडणारी भुकटी, कापसाची तूस, ज्वारीची कुसळें, आणि ओल्या कडब्यावरील बुरशी हीं सारीं श्वासनलिकांचीं वैरीच आहेत. बांधावरचें गाजर गवत, जें १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर फैलावलें, त्याच्या परागांनींही कित्येकांचा दमा उठतो.

यावर आमच्या सूचना अशा: दमेकरी वडिलांनीं मळणीच्या वेळीं यंत्राजवळ थांबूं नये. त्यांना खळ्यावर राहावयाचेंच असेल, तर वारा ज्या बाजूनें येतो त्या बाजूस, बऱ्याच अंतरावर बसून पोतीं मोजण्याचें काम त्यांजकडे द्यावें. नाकास बांधलेला पंचा बारीक धूळ अडवीत नाहीं; एन-९५ जातीचा मुखपट्टा अडवितो, पण त्यांतून श्वास घेणें धाप लागणाऱ्यास जड जातें. तेव्हां दूर राहणें हाच खरा उपाय. फवारणीच्या दिवशीं त्यांस शेतावर नेऊं नये. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वींच, हातमोजे घालून, घरांतील धडधाकट माणसांनीं उपटावें. निजावयाच्या खोलींत धान्याचीं पोतीं व जुन्या गोधड्या रचूं नयेत. चुलीचा धूर घरांत कोंडूं नये, आणि विडी तर सोडावीच.

औषधांविषयीं मोठा गैरसमज आहे. पंपाची संवय लागते, म्हणून तो शेवटचा उपाय, असें लोक मानतात. वस्तुतः पंपांतील औषध थेट श्वासनलिकेंत पोंचतें, म्हणून तें अल्प मात्रेंत पुरतें. पोटांतून घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या वर्षानुवर्षें चालू ठेविल्यास मात्र हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते व मोतीबिंदू होतो. पंपाचे दोन हेतू असतात. एक सूज उतरविणारा. तो बरें वाटत असतांही रोज घ्यावयाचा. दुसरा तात्काळ आराम देणारा. केवळ या दुसऱ्यावर भिस्त ठेवूं नये, असें दम्याच्या जागतिक मार्गदर्शक मंडळानें २०१९ सालीं स्पष्ट सांगितलें आहे. बोटें सांधेदुखीनें आंखडलेलीं असल्यास पंप दाबणें व श्वास ओढणें यांचा मेळ बसत नाहीं. अशांनीं पंपास जोडावयाचें नळकांडें, म्हणजे स्पेसर, वापरावें. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरावी.

वृद्धांस इतरही औषधें चालू असतात. रक्तदाबाच्या कांहीं गोळ्या, काचबिंदूचे कांहीं थेंब, आणि अंगदुखीवर दुकानांतून आणलेल्या गोळ्या कित्येकांचा दमा भडकावतात. म्हणून डॉक्टरांकडे जातांना साऱ्या औषधांची पिशवीच बरोबर न्यावी. पण कोणतेंही औषध आपल्या मनानें बंद करूं नये. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षीं घ्यावी, व न्यूमोनियाच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेस बथिनी गौड कुटुंबाकडून जिवंत मरळ माशाच्या तोंडांत घालून जें औषध विनामूल्य देण्यांत येतें, त्यासाठीं आपल्याकडील लोकही जातात. ही परंपरा १८४५ पासूनची असल्याचें सांगतात. श्रद्धेवर टीका करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्या औषधानें दमा बरा होतो, असें शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेलें नाहीं. आणि तें घेतलें म्हणून रोजचा पंप टाकून देणें म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर घराचें छप्पर उतरविणें होय.

शेवटीं, घरांतील प्रत्येकानें धोक्याच्या खुणा पाठ कराव्या. बोलतांना वाक्य पुरें न होणें, ओठ निळसर पडणें, गुंगी येणें, किंवा आराम देणारा पंप घेऊनही धाप न ओसरणें, यांपैकीं एक जरी खूण दिसली, तरी सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत रोग्यास ताठ बसवून डॉक्टरांनीं सांगितल्याप्रमाणें पंप देत राहावें. बैल धापूं लागला तर आपण औत तत्काळ सोडतों. वडिलांच्या धापेकडेही तितक्याच तत्परतेनें लक्ष द्यावें, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.