सिंहासनापुढे उभी राहिलेली करुणा

वैशाखी पौर्णिमेस भगवान बुद्धांचे स्मरण करिताना, त्यांचा उपदेश हिमालयापलीकडे नेणाऱ्या भिक्षूंचेही स्मरण करावे, असे आम्हांस वाटते. चीनच्या इतिहासात गाजलेले फोतुतेंग हे त्यांपैकीच एक होत. मध्य आशियातील कूचा हे त्यांचे मूळ स्थान. काश्मीर-गांधार प्रदेशातील आचार्यांपाशी त्यांनी अध्ययन केले, असे सहाव्या शतकातील त्यांचे चरित्र सांगते.

इ. स. ३१० मध्ये ते लोयांग नगरीत आले. तेथे विहार उभारावा, हा त्यांचा संकल्प. परंतु पुढच्याच वर्षी ती राजधानी आक्रमकांच्या हाती पडून भस्मसात झाली. उत्तर चीनमध्ये त्या वेळी शी-ले या सेनानीचा दरारा होता. एकेकाळी दास म्हणून विकला गेलेला हा निरक्षर पुरुष पुढे राजा झाला. त्याच्या सैन्याच्या शस्त्रांना कित्येक श्रमणही बळी पडले होते.

अशा माणसापुढे तत्त्वचर्चा व्यर्थ, हे भिक्षूंनी ओळखले. त्यांनी पाण्याने भरलेले पात्र पुढे ठेविले, धूप जाळला, मंत्र म्हटला आणि पात्रातून नीलकमल उमलले, अशी कथा आहे. शी-ले नतमस्तक झाला. मात्र खरे कार्य त्यानंतरचे. ज्यांचा वध ठरला होता, अशा दहांपैकी आठ-नऊ जणांचे प्राण त्यांच्या शब्दाने वाचले, असे चरित्रकार लिहितो.

इ. स. ३३३ मध्ये शी-ले वारला. पुढे सत्ता बळकावणारा शी-हू त्याहूनही क्रूर निघाला. दंडावाचून राज्य चालत नाही, मग अहिंसेचा धर्म मी कसा पाळावा, असा प्रश्न त्याने केला. अपराध्यास दंड देणे राजास प्राप्तच आहे. परंतु निरपराधांचा छळ चालू ठेवून सारे धन धर्मास वाहिले, तरी अरिष्ट टळणार नाही, असे भिक्षूंनी त्यास बजावले. सम्राटाच्या तोंडावर हे बोलण्यास केवढे धैर्य लागले असेल!

इ. स. ३३५ मध्ये एका मंत्र्याने, बुद्ध हे परकीय दैवत असल्याने चिनी प्रजेस त्याची उपासना करू देऊ नये, अशी विनंती केली. आपणही सीमेपलीकडचेच, असे उत्तर देऊन शी-हूने प्रजेस भिक्षू होण्याची मुभा दिली. फोतुतेंग यांच्या प्रभावाने ८९३ विहार उभे राहिले, अशी नोंद आहे.

शी-हूचे क्रौर्य मात्र अखेरपर्यंत सरले नाही. इ. स. ३४८ मध्ये भिक्षूंनी देह ठेविला. ३५१ मध्ये ते राज्यच लयास गेले. त्यांचे शिष्य दाओ-आन यांनी मात्र गुरूंचे कार्य पुढे नेऊन चिनी भिक्षुसंघास शिस्त लाविली.

विहार बांधणारा राजा विस्मृतीत जातो. त्यास सत्य सुनावणारा साधू स्मरणात राहतो. दयेवाचून दान व्यर्थ, हा त्यांचा बोध आजच्या पुण्यदिनी प्रत्येक घराने चिंतनीय मानावा, एवढीच आमची प्रार्थना.