असेंबल्ड संगणकासाठी बूट ड्राइव्हची निवड : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील अनेक विद्यार्थी व व्यावसायिक सुटे भाग निवडून संगणक असेंबल करून घेतात. त्यासाठी ग्रँट रोडजवळील लॅमिंग्टन रोडची, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. रक्कम मर्यादित असल्याने एका भागावर झालेला अनावश्यक खर्च दुसऱ्या भागात तडजोड करावयास लावतो. या दृष्टीने बूट ड्राइव्हच्या निवडीचे निकष प्रस्तुत लेखात मांडले आहेत.

वेगाचे स्वरूप :
मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी योग्य जागी येण्यास सरासरी ४.१७ मिलिसेकंद लागतात; शिवाय शीर्ष सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीमध्ये हलणारे भाग नसल्याने हाच विलंब मिलिसेकंदाच्या अंशावर येतो. संगणक सुरू होताना हजारो लहान फाइली विखुरलेल्या स्वरूपात वाचल्या जातात. म्हणून हार्ड डिस्ककडून कोणत्याही चांगल्या एसएसडीकडे वळल्यास मोठा फरक जाणवतो.

साटा जोडणीची मर्यादा सेकंदाला ६०० मेगाबाइट आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनव्हीएमई मानकावर आधारित ड्राइव्हला पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार मार्गिकांवर सुमारे ३.९ गिगाबाइट, तर ४.० वर त्याच्या दुप्पट क्षमता मिळते. तथापि हे आकडे मोठ्या, सलग फाइलींचे आहेत. बूट होण्याच्या काळात साटा व एनव्हीएमई यांतील फरक त्या प्रमाणात दिसत नाही. चित्रफितींचे संपादन करणाऱ्यास मात्र त्याचा लाभ होतो.

निवडीचे निकष :
१) जुळणी : एम.२ खाच दिसली म्हणजे ती एनव्हीएमईसाठीच असते, असे नाही. काही खाचा केवळ साटा ड्राइव्ह स्वीकारतात. जुन्या मदरबोर्डांपैकी अनेकांचे बायोस एनव्हीएमईवरून बूट करू शकत नाही. अशा वेळी साटा एसएसडी हाच सुरक्षित पर्याय होय.
२) स्मृतिपेशी : टीएलसी प्रकारात एका पेशीत तीन, तर क्यूएलसीत चार बिट साठवले जातात. क्यूएलसी स्वस्त असली तरी तिची लेखनसहनशीलता सामान्यतः कमी असते.
३) आयुर्मान : ३०० टेराबाइट लेखनाची हमी असलेल्या ड्राइव्हवर रोज ४० गिगाबाइट लिहिले, तरी ती मर्यादा गाठण्यास वीस वर्षे लागतील. त्यामुळे घरगुती वापरात हा आकडा सहसा निर्णायक ठरत नाही.
४) उष्णता : ड्राइव्ह अतितप्त झाल्यास स्वतःचा वेग कमी करतो. मुंबईच्या हवामानात कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहणे व एम.२ ड्राइव्हवर उष्णताशोषक पट्टी असणे इष्ट.

वीजपुरवठा व सुरक्षितता :
१२ ऑक्टोबर २०२० रोजी ग्रिडमधील बिघाडामुळे मुंबई व उपनगरांतील वीज खंडित झाली होती. सर्वसाधारण एसएसडीमध्ये अपूर्ण लेखन पुरे करणारे कपॅसिटर बहुधा नसतात. अशा वेळी माहितीची हानी संभवते. बिघडलेल्या एसएसडीतून माहिती परत मिळवणेही कठीण असते. म्हणून यूपीएस आणि महत्त्वाच्या माहितीची स्वतंत्र प्रत अत्यावश्यक ठरते.

निष्कर्ष :
सामान्य अभ्यास व कार्यालयीन कामासाठी मदरबोर्डशी जुळणारा, टीएलसी प्रकारचा, ५०० गिगाबाइटच्या आसपासचा ड्राइव्ह पुरेसा आहे. सर्वोच्च वेगासाठी मोजावी लागणारी जादा रक्कम अशा वापरकर्त्याने रॅम, यूपीएस अथवा प्रत ठेवण्याच्या साधनावर खर्च करणे अधिक हितावह होय.