गर्भधारणेच्या पूर्वतयारीचा काळ : कॅफीन व मद्यपानाच्या सवयींचा विचार

प्रस्तावना

चहा, कॉफी आणि मद्य यांविषयीचा वैद्यकीय सल्ला बहुधा गर्भ राहिल्याचे निश्चित झाल्यावर दिला जातो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो उशिरा पोहोचतो. फलित स्त्रीबीज साधारणतः ६ ते १० दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात रुजते. पाळी चुकल्याचे लक्षात येईपर्यंत फलनास सुमारे दोन आठवडे झालेले असतात. फलनानंतर २२व्या दिवसाच्या सुमारास हृदयाचे स्पंदन सुरू होते आणि मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात ती नलिका २८व्या दिवसापर्यंत मिटते. अनेक स्त्रियांना गर्भधारणेची नुकतीच चाहूल लागलेली असते, तेव्हा हे टप्पे पार पडत असतात. त्यामुळे सवयींचा विचार गर्भधारणेपूर्वीच होणे आवश्यक ठरते. मात्र कॅफीन व मद्य या दोहोंना एकच नियम लावता येत नाही. प्रस्तुत लेखात या दोहोंविषयीच्या पुराव्यांचा स्वतंत्रपणे परामर्श घेतला आहे.

कॅफीन : प्रमाणाचा प्रश्न

१९८८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अमेरिकेतील १०४ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला एक कप कॉफीपेक्षा अधिक कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये प्रत्येक मासिक चक्रात गर्भ राहण्याची शक्यता निम्मी असल्याचे त्यात आढळले. या निष्कर्षाने मोठी चिंता निर्माण केली. परंतु २०१२ मध्ये डेन्मार्कमधील साडेतीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात कॅफीन व गर्भधारणेस लागणारा कालावधी यांत उल्लेखनीय संबंध दिसला नाही.

गर्भपाताच्या संदर्भात चित्र काहीसे वेगळे आहे. २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील १,०६३ गर्भवतींच्या अभ्यासात दररोज २०० मि.ग्रॅ. वा त्याहून अधिक कॅफीन घेणाऱ्यांमध्ये गर्भपाताचा धोका दुपटीहून अधिक आढळला. अशा अभ्यासांचा अर्थ लावताना एक अडचण येते. गर्भ नीट वाढत असताना मळमळीमुळे अनेक स्त्रियांची कॉफी आपोआप सुटते. ज्यांना मळमळ होत नाही त्यांची ती सुरू राहते. त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ठरविणे सोपे नसते. तरीही सावधगिरीला आधार आहे. गरोदरपणात कॅफीन शरीरातून बाहेर पडण्यास अधिक वेळ लागतो, ते वार ओलांडून गर्भापर्यंत जाते आणि गर्भाकडे त्याचे विघटन करणारी पुरेशी यंत्रणा नसते. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये गर्भवतींसाठी दररोज २०० मि.ग्रॅ.पर्यंतचे प्रमाण चिंताजनक नसल्याचे म्हटले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या माहितीनुसार १५० मि.लि. चहात ३० ते ६५ मि.ग्रॅ., झटपट कॉफीत ५० ते ६५ मि.ग्रॅ. आणि पारंपरिक पद्धतीने उकळून वा गाळून केलेल्या कॉफीत ८० ते १२० मि.ग्रॅ. कॅफीन असते. म्हणजे दिवसाचे दोन-तीन कप चहा मर्यादेत बसतात; त्यात कॉफीची भर पडल्यास मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जेवणाच्या आधी व नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी, असेही ही संस्था सुचविते, कारण त्यांतील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त होत्या. आपल्याकडे चहा किती घ्यावा याइतकेच तो केव्हा घ्यावा, हेही महत्त्वाचे आहे.

मद्य : वर्ज्यतेचा प्रश्न

मद्य व प्रजननक्षमता यांविषयीचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील ४३० दांपत्यांच्या अभ्यासात आठवड्याला एक ते पाच पेये घेणाऱ्या स्त्रियांमध्येही गर्भ राहण्याची शक्यता घटलेली दिसली. २०१६ मधील ६,१२० डॅनिश स्त्रियांच्या अभ्यासात मात्र ही घट आठवड्याला १४ वा अधिक पेये घेणाऱ्यांपुरतीच आढळली.

तथापि थोडे मद्य गर्भ राहण्यास अडथळा आणत नसेल, तरी ते गर्भास निर्धोक ठरते असे नाही. मातेच्या मद्यपानामुळे अर्भकांत आढळणाऱ्या विकृतींचे वर्णन १९६८ मध्ये फ्रान्समध्ये व १९७३ मध्ये अमेरिकेत झाले. चेहऱ्याची वेगळी ठेवण, खुंटलेली वाढ व मेंदूच्या विकासातील दोष ही त्यांची लक्षणे होत. गर्भासाठी मद्याचे सुरक्षित प्रमाण ठरविता आलेले नाही. म्हणूनच ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ मध्ये गर्भवतींबरोबरच गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनाही मद्य पूर्णतः टाळण्याचा सल्ला दिला.

पुरुषाची जबाबदारी

वरील सर्वेक्षणानुसार भारतात १५ वर्षांवरील १८.८ टक्के पुरुष व १.३ टक्के स्त्रिया मद्यपान करीत होत्या. अपत्य न झाल्याचा दोष मात्र आजही प्रथम स्त्रीच्या माथी मारला जातो. १९९८ च्या अभ्यासात पुरुषांच्या मद्यपानाचा स्पष्ट परिणाम आढळला नव्हता. परंतु २०१४ मध्ये १,२२१ डॅनिश तरुणांच्या अभ्यासात नियमित मद्यपानाचा वीर्याच्या गुणवत्तेशी विपरीत संबंध दिसला. आठवड्याला २५ एककांहून अधिक मद्य घेणाऱ्यांत तो सर्वाधिक स्पष्ट होता. शुक्राणू घडण्यास सुमारे अडीच महिने लागतात. त्यामुळे पतीने मद्य सोडावयाचे, तर ते निदान तीन महिने आधी सोडणे हितावह होय.

निष्कर्ष

कॅफीनच्या बाबतीत मर्यादा पुरेशी आहे, मद्याच्या बाबतीत वर्ज्यताच इष्ट. गर्भधारणा लक्षात येण्यापूर्वी मद्य घेतले गेले असल्यास घाबरून न जाता ते तत्काळ थांबवावे व डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. सवयी बदलूनही एक वर्षात, आणि स्त्रीचे वय ३५ हून अधिक असल्यास सहा महिन्यांत, गर्भ न राहिल्यास पती-पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. महाविद्यालयातील विद्यार्थी आज ना उद्या या टप्प्यावर पोहोचणार आहेत. आरोग्यविषयक मार्गदर्शनात हा विषय केवळ विद्यार्थिनींपुरता न ठेवता विद्यार्थ्यांसमोरही मांडला गेल्यास सल्ला वेळेवर पोहोचेल आणि जबाबदारीची विभागणीही न्याय्य होईल.