शहरांतील हरित इमारत धोरण : अंमलबजावणीतील आव्हाने

प्रस्तावना :
पाणी व विजेची बचत साधणारी आणि स्थानिक हवामानास अनुरूप अशी वास्तू म्हणजे स्थूलमानाने हरित इमारत होय. भारतीय हरित इमारत परिषद २००१ साली स्थापन झाली, तर २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता जाहीर झाली. म्हणजेच धोरणाचा अभाव नाही. अंमलबजावणी कोठे अडते, याचा विचार महाराष्ट्राच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे.

धोरणाचे स्वरूप :
मुंबई व काही अपवादात्मक क्षेत्रे वगळता राज्यभर डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने हरित इमारतींना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर जादा क्षेत्र देऊ केले. ‘ग्रिहा’ मानांकनाच्या तीन, चार व पाच ताऱ्यांसाठी हे प्रमाण अनुक्रमे ३, ५ व ७ टक्के आहे. म्हणजे मूळ निर्देशांकानुसार १,००० चौरस मीटर बांधकाम अनुज्ञेय असल्यास पाच ताऱ्यांसाठी आणखी ७० चौरस मीटर मिळतात. ही सवलत पूर्व-प्रमाणपत्राच्या आधारे दिली जाते. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी ठरलेले मानांकन न मिळाल्यास दंडाची तरतूद आहे.

अंमलबजावणीतील अडचणी :
पहिली अडचण खर्च व लाभ यांच्या विभागणीची आहे. सौर यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांचा खर्च बांधकाम व्यावसायिक करतो. कमी वीजबिलाचा लाभ मात्र रहिवाशांना होतो. जादा चटई क्षेत्र ही तफावत काही अंशी भरून काढते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. जादा क्षेत्र एकदा बांधले की कायम राहते. बचत मात्र रोजच्या देखभालीवर अवलंबून असते. ताबा दिल्यानंतर ही जबाबदारी सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे जाते. प्रक्रिया केंद्राचे वीजबिल व चालकाचे वेतन तिला न परवडल्यास केंद्र बंद पडते आणि इमारत टँकरवर विसंबते. वरील दंडाचा धाक मात्र भोगवट्याच्या टप्प्यापुरताच असतो.

तिसरी अडचण मनुष्यबळाची. नकाशे तपासणे हे नगररचना विभागाचे परिचित काम. वापरातील इमारतीच्या पाण्याचे व विजेचे मोजमाप तपासणे हे निराळे कौशल्य होय. लहान नगरपरिषदांना ते स्वबळावर उभारणे कठीण आहे.

निष्कर्ष :
पुणे महानगरपालिकेने सौर ऊर्जा, गांडूळखत व पर्जन्यजल संधारण यांसाठी मालमत्ता करात सूट देण्याचा मार्ग अवलंबिला. अशी सूट वर्षागणिक दिली जात असल्याने यंत्रणा बंद पडल्यास ती थांबवता येते. बांधलेले मजले परत घेता येत नाहीत. म्हणून प्रोत्साहनाचा काही भाग प्रत्यक्ष मोजमापाशी जोडून रहिवाशांना देणे हितावह ठरेल. अन्यथा हरित इमारत कागदावरच हरित राहील.