ओळख पटविण्याचा खर्च कोणाचा?

मुंबईच्या गिरणीत राबणारा चाकरमानी कोकणातील घरी मनीऑर्डर धाडी, तेव्हा पैसा सावकाश जाई. परंतु तो बहुधा योग्य हातीच पडे. पोस्टमन घर ओळखीत असे. तो सही किंवा अंगठा घेई आणि त्या सहीची पोच पाठविणाऱ्याकडे परत येई. अखेरच्या काळात वीस रुपयांमागे एक रुपया हे कमिशन जाचक वाटे, हे खरे. पण त्यात केवळ वाहतूक नव्हे, ओळख पटविण्याची मजुरीही होती. २०१५ च्या एप्रिलमध्ये ही जुनी मनीऑर्डर बंद झाली.

आज बँकेतून ‘एनईएफटी’ने रक्कम पाठविता येते, १६ डिसेंबर २०१९ पासून तर रात्रंदिवस. कमिशन वाचले, वेळ वाचला. मात्र पोस्टमनचे काम कोणाकडे गेले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकानुसार रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येते आणि तो अचूक भरण्याची जबाबदारी पाठविणाऱ्याची असते. अर्जावरील नाव शोभेपुरतेच! क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे परत येतात. दुर्दैव आहे ते चुकीचा क्रमांक दुसऱ्या कोणाचा तरी खरा निघण्यात. मग त्या अपरिचित खातेदाराच्या संमतीसाठी बँकेत खेटे घालावे लागतात. थोडक्यात, बचत झाली ती बहुतांशी व्यवस्थेची. जोखीम मात्र कारकुनाच्या आणि शिक्षकाच्या गळ्यात पडली.

पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखविण्याची सोय ‘आयएमपीएस’ व ‘यूपीआय’मध्ये आधीपासून होती. ‘एनईएफटी’ व ‘आरटीजीएस’साठी ती देण्याकरिता बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंतची मुदत मिळाली. इतक्या साध्या गोष्टीस पंधरा वर्षे लागावीत, हे नवल नव्हे काय? सोय विनामूल्य आहे आणि ती शाखेतही मागता येते. नव्या खात्यात प्रथम किरकोळ रक्कम धाडावी, ती पोहोचल्याचे समोरच्याकडून फोनवर ऐकावे आणि मगच उरलेली पाठवावी. व्यवहाराचा ‘यूटीआर’ क्रमांक जपून ठेवावा. तक्रारीच्या वेळी तोच पुरावा ठरतो.

तथापि नाव जुळले म्हणजे माणूस प्रामाणिक ठरला, असे नव्हे. पुण्यात खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला कोणी ‘मालक’ फोन करतो, आजच अनामत भरा, उद्या खोली जाईल, असे बजावतो. खाते त्याच नावाचे निघते; खोली मात्र नसतेच. अशा ठिकाणी यंत्र काय करणार? खोली डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसा हलवू नये. फसवणूक झालीच, तर संकोचात दिवस न घालविता १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात रक्कम काही मिनिटांत सरकते. वाटेत कोठे तरी ती अजून शिल्लक असेल, तेवढीच गोठविता येते.