एक जूनचा खांब : स्प्रेडशीटमध्ये आयतालेख काढताना

मागच्या व्याख्यानात आपण सरासरीबद्दल बोललो. सरासरी एकच आकडा देते आणि त्या आकड्यामागे गर्दी कशी उभी आहे ते सांगत नाही, इथपर्यंत आपण आलो होतो. आज ती गर्दी बघू. इंग्रजीत ज्याला हिस्टोग्राम म्हणतात, त्याला आपल्या दहावीच्या पुस्तकात आयतालेख म्हटलं आहे. हिस्टोग्राम हा शब्द कार्ल पिअर्सन यांनी १८९०च्या दशकात रूढ केला. शब्द कोणताही वापरा, काम एकच : आकड्यांचे वर्ग पाडायचे, प्रत्येक वर्गात किती जण पडले ते मोजायचं, आणि तेवढ्या उंचीचे खांब एकमेकांना चिकटवून उभे करायचे.

इथल्या यंत्रमागवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. गाठोडं वजनाला बरोबर भरतं, पण धागा कुठे तुटलाय ते ताका उलगडून तपासल्यावरच कळतं.

आपण आज उलगडायला घेऊ जन्मतारखा. सभागृहात साठीच्या पुढची मंडळी बरीच आहेत. ज्यांची जन्मतारीख एक जून आहे त्यांनी हात वर करा बरं! (हशा) बघा. तरुण मंडळींसाठी सांगतो. आमच्या पिढीत गावाकडे जन्माची नोंद बहुतेकांची नसायची. शाळा जूनमध्ये उघडायची, मुलाला घेऊन वडील यायचे, गुरुजी विचारायचे, ‘जन्म कधीचा?’ वडील म्हणायचे, ‘पूर आला त्या साली.’ मग गुरुजी मुलाकडे बघून साल ठरवायचे आणि पुढे लिहायचे : एक जून. शाळेत घ्यायला लागणारं वय त्या दिवशी बरोबर पूर्ण होतं. सरकारी नियम असा, की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी एकतीस मेला कचेऱ्यांमध्ये निरोप समारंभांची रांग लागते.

आता संगणकावर या. कुठल्याही संस्थेच्या जुन्या सभासदांची यादी घ्या आणि जन्मतारखा पहिल्या स्तंभात ठेवा. इथे पहिला खड्डा आहे, आणि आम्ही स्वतः त्यात पडलो आहोत. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो ०१/०६/१९५० ही तारीख सहा जानेवारी अशी वाचतो. आणि १५/०६/१९५० ही तारीख? पंधरावा महिना नसतो, म्हणून तो तिला तारीख मानतच नाही, नुसती अक्षरं मानतो आणि मोजणीतून गुपचूप वगळतो. म्हणजे तुमचा जूनचा खांब जानेवारीत उभा राहील आणि महिन्यातल्या बारा तारखेनंतर जन्मलेली सगळी माणसं नाहीशी होतील. चित्र मात्र सुबक निघेल. ओळखायची खूण सोपी आहे : खरी तारीख रकान्यात उजवीकडे टेकलेली असते, अक्षरं समजली गेलेली डावीकडे. आधी ते बघा.

तारखा ठीक झाल्या की प्रत्येकाचा वर्षातला कितवा दिवस, तो आकडा काढायचा. साली वेगवेगळ्या आहेत, म्हणून डेट हे सूत्र वापरून सर्वांना एकच साल द्या. २००० घ्या, ते लीप वर्ष असल्यामुळे एकोणतीस फेब्रुवारीवालेही बसतात. त्यातून ३१ डिसेंबर १९९९ वजा करा. एक जून हा १५३ वा दिवस येतो. हा आकड्यांचा स्तंभ निवडा, इन्सर्टमध्ये जा, तिथे हिस्टोग्राम आहे. एक्सेलच्या २०१६ पासूनच्या आवृत्त्यांत तो तयार मिळतो. लिब्रऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांत तयार मिळत नाही. तिथे फ्रीक्वेन्सी हे सूत्र वापरून मोजणी करायची, साधा स्तंभालेख काढायचा आणि खांबांमधली मोकळी जागा शून्य करायची.

चित्र आलं. आता मुद्दा. खांबांची रुंदी कुणी ठरवली? तुम्ही काही सांगितलं नाहीत, म्हणून एक्सेलने ठरवली. डेव्हिड स्कॉट यांनी १९७९ मध्ये मांडलेला एक नियम त्यामागे आहे. आकडे किती पसरलेत आणि किती आहेत, यावरून तो रुंदी काढतो. घंटेच्या आकाराच्या गर्दीला तो नियम छान बसतो. आपल्या यादीला तो बसेलच असं नाही, कारण गुरुजींची दौत-टाक त्याला माहीत नाही. तेव्हा आडव्या अक्षावर उजवी कळ दाबा, फॉरमॅट अॅक्सिसमध्ये जा, आणि बिन विड्थ स्वतः भरा.

आधी ९० भरा. चारच्या आसपास खांब येतील, दुसरा जरा उंच. कुणीतरी लगेच म्हणेल, उन्हाळ्यात जन्म जास्त होतात, आणि त्यावर सिद्धांतही रचेल. मग ३० भरा. वर्षाच्या मध्याला एक खांब बाकीच्यांच्या डोक्यावरून वर जाईल. आता १ भरा. बाकी सगळं गवतासारखं खुरटं आणि १५३ वर एक सुई. यादी तीच, एकही माणूस बदललेला नाही. नव्वदच्या रुंदीला जे निसर्गाचं वाटत होतं, ते एकच्या रुंदीला शाळेच्या दप्तरातलं निघालं. आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. तिथे आम्ही विद्यार्थ्यांना तासन्‌तास सांगायचो, की वर्ग आपण पाडतो आणि मग ते जगातच होते असं समजतो. हे चित्र तेव्हा हाताशी असतं तर निम्मे तास वाचले असते.

दुसरी गोष्ट कडेची. शाळेत आपण शिकलो, की १०-२० आणि २०-३० असे वर्ग असतील तर २० हा आकडा वरच्या, म्हणजे २०-३० या वर्गात धरायचा. एक्सेल उलट करतो. त्याच्या लेखी २० हा खालच्या वर्गातला. एरवी फरक पडत नाही, पण जिथे कडेवरच गर्दी असते तिथे पडतो. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत पस्तीसला पास. ३०-३५, ३५-४० असे वर्ग पाडलेत तर काठावर पास झालेली सगळी पोरं एक्सेल नापासांच्या खांबात टाकेल. उपाय : पूर्ण आकडे असतील तर कडा ३४.५, ३९.५ अशा घ्या. दहावीच्या पुस्तकातली अर्ध्याची बेरीज-वजाबाकी याच कामाची आहे.

वयाचंही तसंच. जनगणनेत वय विचारलं की माणसं चाळीस, पन्नास अशी गोल उत्तरं देतात. जनगणनेच्या सी-१३ या तक्त्यात एकेका वर्षाने वय दिलेलं आहे, तिथे शून्य आणि पाचवर खांब उसळलेले दिसतात. सी-१४ मध्ये पाच-पाच वर्षांचे गट आहेत, तिथे ते गटात विरघळतात. ही उसळी मोजायला व्हिपल यांचा निर्देशांक आहे : गोल आकड्यांची ओढ अजिबात नसेल तर १००, सगळेच शून्य-पाचवर असतील तर ५००. आपल्या भिवंडीत परराज्यातून मागावर काम करायला आलेले हजारो आहेत. त्यांच्यातल्या कुणाला वय विचारून बघा. हा तक्ता उतरवून घेणाऱ्यांना एक सूचना : त्यात मोजणी आधीच झालेली आहे. त्यावर हिस्टोग्रामची कळ दाबलीत तर एक्सेल माणसांची वयं सोडून त्या बेरजांचेच वर्ग पाडेल. तिथे साधा स्तंभालेख काढा.

मागे बसलेल्या काकांनी चिठ्ठी पाठवली आहे : ‘म्हणजे सर, आमचा दाखला खोटा?’

काका, आमचाही एक जूनच. आई सांगायची, गौरी जेवल्या त्या रात्रीचा जन्म. म्हणजे भाद्रपद आला. त्या हिशोबाने आम्ही तीन महिने आधी निवृत्त झालो, आणि तीन पगार गेले ते गेलेच. पण त्याच तारखेमुळे त्या वर्षी शाळेत नाव घातलं गेलं, नाहीतर वर्षभर गुरं राखली असती. दोन्ही धरून चाला.

आता चित्राकडे बघा. सुईच्या शेजारी १५२ आणि १५४ चे खुरटे खांब आहेत. खरोखर एक जूनला जन्मलेली माणसं साधारण तेवढीच असणार, वरची उंची शाळेच्या दप्तराची. एवढं यादीवरून काढता येतं. पण त्या खांबातले खरे कोण, हे त्यावरून काढता येत नाही. त्याला आईच लागते.

पुढच्या वेळी येताना आपापल्या मंडळाची किंवा पतपेढीची यादी आणा. नावं काढून टाका, फक्त तारखा ठेवा. आणि त्या रकान्यात उजवीकडे टेकल्यात की डावीकडे, ते घरूनच बघून या.