स्वादांची कुपी आणि बार्शीचे दफ्तर

आंबा, पुदिना, व्हॅनिला अशा नाना स्वादांपैकी ई-सिगारेटचा कोणता द्रव घेतला असता पैसे पाण्यात जाणार नाहीत, असे बार्शीच्या एखाद्या तरुणाने विचारल्यास त्याला प्रथम कायदा दाखवणे प्राप्त आहे. कारण २०१९च्या केंद्रीय कायद्यान्वये या वस्तूची आयात, विक्री व जाहिरात यांस सक्त मनाई असून, विक्रेत्यास पहिल्याच गुन्ह्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊ शकतात. चोरट्या वाटेने आलेल्या कुपीवरील निकोटिनचा आकडा खरा की खोटा, याची तपासणी नाही आणि फसगतीची दादफिर्याद नाही.

विलायतेतील मराठी प्रौढांची गोष्ट निराळी. तेथे निकोटिनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरहून मोठी नसते, त्यामुळे नवा स्वाद अजमावणे फारसे महाग पडत नाही. खरा खर्च निघतो तो अतिगोड द्रवाचा, कारण त्यातील गोडवा तापत्या कॉइलवर काळ्या थराने चिकटतो आणि मग करपट वासापायी कॉइलच वरचेवर बदलावी लागते. ग्लिसरिन अधिक असलेला दाट द्रवही लहान यंत्राच्या कापसात नीट झिरपत नाही. नवशिके दोष स्वादाला देतात!

बार्शीच्या त्या तरुणाने मात्र स्वादापेक्षा प्रकृतीचा विचार करावा; त्याच्याच गावात १९८७पासून कर्करोग नोंदणीचे दफ्तर आहे, देशातील ग्रामीण भागातले पहिलेच. तेथील कार्यकर्ते गावोगाव हिंडून रुग्णांच्या नोंदी घेत आले. तंबाखू सोडू पाहणाऱ्यास १८०० ११२ ३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.